उशाशी दोन थेंब

२०२१ च्या मार्च ते जुलै या महिन्यांत अमेरिकेतल्या कॅन्सस, टेक्सास, मिनेसोटा आणि जॉर्जिया या राज्यांत चार जणांना मेलिओइडोसिस झाला. उष्ण प्रदेशांतल्या ओल्या मातीत, भाताच्या खाचरांत राहणाऱ्या बर्कहोल्डेरिया स्यूडोमॅलाय या जिवाणूमुळे होणारा हा आजार. थायलंड, उत्तर ऑस्ट्रेलिया किंवा आपल्याकडे कर्नाटकची किनारपट्टी, इथल्या डॉक्टरांना तो माहितीचा. अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या तो ध्यानीमनीही नसतो. चौघांपैकी कोणी परदेशी जाऊन आले नव्हते आणि एकमेकांशी त्यांचा काही संबंधही नव्हता. त्यांतले दोघे दगावले. एक तर लहान मूल होते.

साथरोगतज्ज्ञांनी या घरांमधले पाणी, अंगणातली माती, रोजच्या वापरातल्या वस्तू असे शंभराहून अधिक नमुने तपासले, तरी धागा लागेना. शेवटी ऑक्टोबरात जॉर्जियातल्या घरून आणलेल्या एका बाटलीत तो जिवाणू सापडला. खोलीत फवारायचे ते अरोमाथेरपीचे सुगंधी पाणी होते: लॅव्हेंडर आणि कॅमोमाइलचे, बाटलीत शोभेचे खडे घातलेले, भारतात तयार होऊन तिकडच्या मोठ्या दुकानसाखळीत विकले गेलेले. सुमारे ३,९०० बाटल्या बाजारातून परत मागवल्या गेल्या. बाटली कचऱ्यात टाकू नका, मोरीत ओतू नका, दुहेरी पिशवीत बंद करून परत करा, ज्या चादरींवर आणि अभ्र्यांवर फवारले त्या धुऊन गरम हवेत वाळवा, अशा सूचना निघाल्या.

सुगंधी तेलात जंतू कसे जगले, असा प्रश्न इथे पडतो. निव्वळ तेलात ते सहसा तग धरत नाहीत. पण फवाऱ्याच्या बाटलीत तेल नावापुरते असते, बाकी सगळे पाणी. तेल पाण्यात विरघळत नाही, ते थराथराने वेगळे राहते आणि खालच्या पाण्यात जंतूंना रान मोकळे मिळते. रुग्णाच्या खोलीत फवारण्यासाठी कोणी हौसेने घरीच बाटलीत पाणी आणि दहा थेंब लॅव्हेंडर घालून ठेवत असेल, तर त्याने हे आधी लक्षात घ्यावे. केमोथेरपी घेणारा, मधुमेहाचा, मूत्रपिंडाच्या विकाराचा रुग्ण असेल, तर शिळ्या पाण्याचा तो बारीक फवारा थेट त्याच्या फुफ्फुसात जाणार असतो.

रुग्णसेवेत सुगंधी तेलांचा वापर गेल्या तीन-चार दशकांत युरोप-अमेरिकेतल्या रुग्णालयांत चांगलाच रुजला. आपल्याकडेही खाजगी रुग्णालये, वेदनाशमन केंद्रे आणि वृद्धाश्रम यांत तो दिसू लागला आहे. घरी रुग्ण सांभाळणाऱ्यांकडे तर निलगिरीची बाटली पिढ्यान्‌पिढ्या आहेच. या तेलांना विरोध करण्याचे काही कारण नाही. मात्र वॉर्डात शिरताना त्यांनी औषधाची शिस्त पाळलीच पाहिजे. कोणते तेल, किती, कोणत्या मार्गाने, कोणाला, कधी, आणि त्याने काय झाले, एवढे लिहून ठेवता येत नसेल तर ती बाटली घरी बरी.

या उपचाराचे नाव रूढ केले रेने-मॉरिस गॅटफॉसे या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने. १९३७ साली त्याचे ‘अरोमाथेरापी’ हे पुस्तक निघाले. १९१० मध्ये प्रयोगशाळेतल्या स्फोटात तो भाजला होता. घाईघाईत त्याने हात लॅव्हेंडरच्या पिंपात बुडवला आणि जखम चमत्कारासारखी भरून आली, ही गोष्ट आजही प्रत्येक कार्यशाळेत सांगितली जाते. त्याच्या स्वतःच्या लेखनात पिंप नाही, योगायोगही नाही. जखमा चिघळून वायूजन्य कोथ सुरू झाला तेव्हा त्याने लॅव्हेंडरचा अर्क जाणूनबुजून वापरला, एवढेच तो सांगतो. परिचारिकेचे शिक्षण घेतलेल्या मार्गेरीट मोरी हिने पुढे ही तेले साध्या तेलात पातळ करून मालिशसाठी वापरण्याची पद्धत बसवली. आज नर्सिंगमध्ये जी अरोमाथेरपी चालते, ती बरीचशी तिच्या वाटेने आलेली.

गॅटफॉसेच्याही कितीतरी आधी, १८५९ च्या ‘नोट्स ऑन नर्सिंग’मध्ये फ्लॉरेन्स नाइटिंगेलने रुग्णाच्या खोलीतल्या वासाबद्दल आपले मत रोखठोक मांडले होते. धुरी आणि जंतुनाशके यांच्यावर विसंबू नये, दुर्गंधीचे मूळ उचलून बाहेर टाकावे आणि खिडकी उघडावी, हा तिचा आग्रह. दीडशे वर्षांनंतरही कुठल्याही सुगंधी उपक्रमाची सुरुवात इथूनच व्हायला हवी. बेडपॅन वेळेवर रिकामे झाले का, चादर बदलली का, हवा खेळती आहे का? यांतले एकही उत्तर नकारार्थी असेल तर लॅव्हेंडर कामाचे नाही.

तर मग ही तेले कामाची आहेत तरी किती? इथे नर्सनी स्वतः केलेली कामे पाहण्यासारखी आहेत. ऑक्सफर्डच्या जॉन रॅडक्लिफ रुग्णालयातल्या सुइणींनी १९९० पासून आठ वर्षे, ८,०५८ बाळंतिणींमध्ये मोजक्या दहा तेलांचा वापर करून नोंदी ठेवल्या. भीती आणि अस्वस्थतेवर तेलांचा उपयोग झाल्याचे निम्म्याहून अधिक जणींनी सांगितले. मळमळ, पुरळ, डोकेदुखी असे किरकोळ त्रास सुमारे एक टक्का स्त्रियांनाच झाले. ही नोंद सुरक्षिततेच्या दृष्टीने मोलाची आहे. परिणामाच्या दृष्टीने मात्र ती अपुरी पडते, कारण तेल न दिलेल्या स्त्रियांशी काटेकोर तुलना त्यात नव्हती. इटलीत पुढे ५१३ स्त्रियांची चिठ्ठ्या टाकून विभागणी करून छोटी चाचणी झाली. प्रसूतीच्या मुख्य निष्पत्तीत दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही.

इंग्लंडमधल्याच एका अतिदक्षता विभागात १२२ रुग्णांवर झालेला अभ्यास १९९५ साली प्रसिद्ध झाला. काहींना नुसती विश्रांती, काहींना साध्या तेलाची मालिश, काहींना लॅव्हेंडर मिसळलेल्या तेलाची मालिश. नाडी, रक्तदाब, श्वास यांच्या आकड्यांत गटागटांत फरक दिसला नाही. पण लॅव्हेंडरच्या गटातल्या रुग्णांनी आपल्याला जास्त बरे वाटते, धास्ती कमी झाली असे सांगितले. कर्करोगाच्या २८८ रुग्णांवरच्या ब्रिटनमधल्या चाचणीत, २००७ साली, सुगंधी मालिशीने वैद्यकीय तपासणीत दिसणारी चिंता आणि नैराश्य सहा आठवड्यांपर्यंत कमी राहिले. दहाव्या आठवड्यात तो फरक उरला नाही. अमेरिकेत मिनेसोटातल्या अलाइना समूहाच्या दहा रुग्णालयांत नर्सनी दिलेल्या अरोमाथेरपीच्या दहा हजारांवर रुग्णांच्या नोंदी २०१६ साली मांडल्या गेल्या. मळमळीला आले, वेदनेला गोड मार्जोरम, चिंतेला लॅव्हेंडर, अशा वापरानंतर रुग्णांनी दिलेले त्रासाचे गुण उतरले. इथेही तुलनेचा गट नव्हता. नर्स येते, शेजारी बसते, कसे वाटते ते विचारते, यानेच गुण किती उतरतात हे त्यातून वेगळे काढता येत नाही.

स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांवरचे संशोधन तर वाचताना हसू येईल इतके काटेकोर झाले. मेलिसा म्हणजे लेमन बामच्या तेलाने या रुग्णांची चिडचिड सुमारे एक तृतीयांशाने उतरते असा गाजावाजा २००२ सालच्या एका अभ्यासानंतर झाला होता. २०११ मध्ये त्याची फेरतपासणी झाली, तेव्हा रुग्णाचे वागणे मोजणाऱ्यांच्या नाकांना चिमटे लावले गेले, म्हणजे कोणाला खरे तेल लावले आहे हे त्यांना वासावरून कळू नये. चिमटे लावल्यावर खरे तेल आणि खोटे तेल यांत फरक राहिला नाही. ते अगदी अनपेक्षितही नव्हते. अल्झायमरमध्ये वास ओळखण्याची शक्ती फार लवकर जाते. ज्या आजीला नातवाचे नाव आठवत नाही, तिला बहुधा लेमन बामही कळत नसतो. तिला कळतो तो हाताचा ऊबदार स्पर्श.

एकूण हिशेब असा की चिंता, मळमळ, झोप न येणे, कंटाळवाणे दुखणे यांत या तेलांनी काही जणांना काही वेळ आराम वाटतो. रोग यांनी बरा होत नाही. ‘प्रतिकारशक्ती वाढवणारे’, ‘विषारी द्रव्ये बाहेर काढणारे’ असे बाटलीवर छापलेले असेल तर ती बाटली विकत घेऊ नये, कारण ज्याला लेबलावर खोटे छापायला लाज वाटत नाही तो आतल्या मालातही भेसळ करायला लाजणार नाही.

मळमळीच्या बाबतीत तर सगळ्यांत भक्कम पुरावा सुगंधी बाटलीचा नाहीच. तो आहे इंजेक्शनआधी दंड पुसायला वापरतात त्या पाकीटबंद अल्कोहोल स्वॅबचा! अमेरिकेतल्या सॅन अँटोनियोमध्ये तातडीच्या विभागात मळमळ घेऊन आलेल्या १२२ रुग्णांवरची चाचणी २०१८ साली प्रसिद्ध झाली. अर्ध्या तासानंतर, शंभराच्या मोजपट्टीवर, स्वॅब हुंगणाऱ्यांची मळमळ सुमारे तीसने उतरली. नुसती ऑनडान्सेट्रॉन ही मळमळीवरची गोळी घेणाऱ्यांची ९ ने. स्वॅब नाकापासून दोन बोटे दूर धरायचा आणि नाकाने खोल श्वास घ्यायचे, एवढीच त्याची कृती. अर्थात त्यालाही पथ्ये आहेत. दारू सोडण्यासाठी डायसल्फिरॅम घेणाऱ्याला तो देत नाहीत. आपल्याकडे ड्रेसिंग ट्रॉलीवरच्या बरणीत कापूस भिजवून ठेवलेला असतो, ते स्पिरिट नेमके कोणते हे बरणीवर लिहिलेले असेलच असे नाही. ते हुंगायला देऊ नये. पाकिटावर ‘आयसोप्रोपिल अल्कोहोल ७० टक्के’ असे छापलेले असते, तेच घ्यावे.

आता दुसरी बाजू. मराठी घरात सुगंधी तेल हे नाव परके वाटले तरी वस्तू ओळखीच्याच असतात. सर्दीला निलगिरी, छातीला कापूर घातलेले खोबरेल, बाळंतिणीच्या खोलीत ओव्याची धुरी, गुडघ्याला बाम. पिढ्यान्‌पिढ्या वापरतो म्हणजे निर्धोक, ही समजूत इतकी घट्ट आहे की डॉक्टरने ‘कोणती औषधे चालू आहेत?’ असे विचारल्यावर यांतले एकही नाव कोणी सांगत नाही.

दक्षिण भारतातल्या चार रुग्णालयांत मेंदूविकारतज्ज्ञांनी चार वर्षे एक वेगळाच प्रश्न विचारला. फिट आलेल्या प्रौढ रुग्णांना ते विचारत: आदल्या दिवसांत निलगिरी, कापूर, बाम, अशी काही वस्तू लावली, हुंगली किंवा पोटात घेतली का? ३५० पैकी ५५ जणांच्या बाबतीत फिटचा संबंध अशा वापराशी लागला. २०२१ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्या पंचावन्नांपैकी काहींना आयुष्यात पहिल्यांदाच फिट आली होती. बाकीच्यांचा अपस्मार गोळ्यांनी आटोक्यात होता, तो पुन्हा उसळला. निलगिरीतला सिनिओल आणि कापूर हे दोन्ही मेंदूच्या पेशींना उत्तेजित करू शकतात. अपस्माराचा रुग्ण असलेल्या घरात आणि वॉर्डात ही दोन तेले वापरूच नयेत.

त्याच वर्षी, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, कापूर, लवंग, ओवा आणि निलगिरीचे थेंब पुरचुंडीत बांधून हुंगले की रक्तातला ऑक्सिजन वाढतो, असा निरोप लाखो मोबाइलांवर फिरत होता. ऑक्सिजन त्याने वाढत नव्हता. कापूर आणि मेंथॉल नाकातल्या गारव्याच्या संवेदना जागवतात, नाक मोकळे झाल्यासारखे वाटते, श्वास सुटल्याचा भास होतो. बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवरचा आकडा तिथेच राहतो. ९५ वरून ८८ वर घसरलेल्या माणसाला त्या भासामुळे बेड शोधायला दोन तास उशीर झाला, तर ती पुरचुंडी निरुपद्रवी होती असे कसे म्हणायचे?

लहान मुलांच्या बाबतीत सवलत अजिबात नको. दोन वर्षांखालच्या मुलाच्या छातीला, नाकाखाली कापूर-मेंथॉल लावू नये. तान्ह्या बाळाचा स्वरयंत्राचा भाग त्याने आकसून श्वास अडू शकतो. निलगिरीचे चमचाभर तेल पोटात गेले तर मूल अर्ध्या तासात ग्लानीत जाते, त्याला झटके येऊ शकतात. आणि ही बाटली दिसते कशी? छोटी, तपकिरी, खोकल्याच्या औषधासारखी. ती ठेवलेली असते खोकल्याच्या औषधाच्या शेजारीच. वाफाऱ्याच्या भांड्यात तेल टाकण्याची सवय तर दुहेरी धोक्याची, कारण उकळते पाणी मांडीवर सांडून भाजलेली मुले भाजलेल्यांच्या वॉर्डात सारखी येतात. करोनाच्या काळात ही संख्या वाढल्याचे बर्मिंगहॅमच्या बालरुग्णालयाने २०२० मध्येच कळवले होते.

आणखी एका तेलाबद्दल फारसे कोणी बोलत नाही. उटीच्या सहलीहून येताना लोक निलगिरीबरोबर विंटरग्रीनची बाटली आणतात. गंधपुरा या नावानेही ते मिळते. दुखण्यावरच्या बहुतेक बामांत त्याचा मुख्य घटक, मिथाइल सॅलिसिलेट, असतो. हा ॲस्पिरिनचा सख्खा नातेवाईक. निव्वळ विंटरग्रीनच्या पाच मिलिलिटरमध्ये सुमारे सात ग्रॅम सॅलिसिलेट भरते, म्हणजे ३२५ मिलिग्रॅमच्या वीसहून अधिक ॲस्पिरिन गोळ्यांइतके. कातडीतूनही ते शोषले जाते. वॉरफेरिनसारखे रक्त पातळ करणारे औषध चालू असलेल्या काकांच्या दोन्ही गुडघ्यांना मुलगी प्रेमाने रोज दोनदा हे तेल चोळते, आणि पुढच्या तपासणीत त्यांचा आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झाले याचे माप, कारण नसताना चढलेला निघतो. अशा वेळी नर्सने ‘पालेभाजी खाणे कमी-जास्त झाले का’ एवढ्यावर न थांबता ‘गुडघ्याला काय लावता?’ हेही विचारावे.

कातडीतून शोषण होते याचा पुरावा नुसता अंदाजाचा नाही. व्हिएन्नातल्या संशोधकांनी १९९२ साली लॅव्हेंडर मिसळलेल्या तेलाने पोटावर मालिश करून रक्त तपासले. लिनॅलूल हा लॅव्हेंडरचा मुख्य घटक सुमारे वीस मिनिटांत रक्तात सर्वाधिक पातळीवर पोचला आणि दीड तासात जवळजवळ निघून गेला. शरीरात जाणाऱ्या, रक्तात फिरणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या पदार्थाला औषध म्हणायचे नाही तर काय म्हणायचे?

म्हणून वॉर्डातला वापर थेंबांनी मोजायचा. रुग्णासाठी सगळ्यांत सोयीचा मार्ग म्हणजे गॉजच्या घडीवर एक किंवा दोन थेंब टाकून ती त्याच्याच हातात देणे. आवडले तर त्याने नाकाजवळ न्यावी, नको झाले तर दूर करावी. पाच-दहा मिनिटे पुरतात. काम झाले की घडी झाकणबंद डब्यात. मालिश करायची तर अशक्त, वयस्कर किंवा नाजूक कातडीच्या रुग्णाला एक टक्का पुरे: पंधरा मिलिलिटर तिळाच्या किंवा बदामाच्या तेलात जेमतेम तीन थेंब. धडधाकट प्रौढालाही अडीच टक्क्यांच्या वर जाऊ नये. बाटलीगणिक थेंबाचा आकार बदलतो, हेही ध्यानात असावे. पहिल्यांदा वापरताना मनगटाच्या आतल्या बाजूला पातळ केलेले तेल लावून एक दिवस वाट पाहावी. निव्वळ तेल कातडीवर कधीच नको, आणि पोटात तर मुळीच नको.

अख्ख्या खोलीत वास पसरवणारा डिफ्यूझर सामायिक वॉर्डात लावणे म्हणजे एका रुग्णाचे औषध वीस जणांना पाजणे. कोपऱ्यातल्या खाटेवर दम्याचा रुग्ण असतो, खिडकीपाशी अर्धशिशीची बाई, आणि आठ तासांची ड्युटी करणारी गरोदर सिस्टर. तिला तर उठून जायचीही सोय नाही. ऑक्सिजन चालू असेल तिथे आणखी जपायला हवे. ऑक्सिजनच्या सान्निध्यात तेलकट वस्तू भराभर पेटते; म्हणून नळी, मास्क, फ्लोमीटर यांना तेलाचे बोट लागता कामा नये, आणि मेणबत्तीवरचा सुगंधी दिवा रुग्णालयाच्या आवारातही नको. लिंबू-संत्र्याच्या तेलाची वाफ तर पन्नास अंशांच्या आतच पेट घेऊ शकते. तेलकट टॉवेल न धुता ढिगात टाकले किंवा गरम ड्रायरमधून काढून घडी घालून रचले, तर ते आपोआप तापून पेटल्याच्या घटना कपडे धुण्याच्या खात्यांत घडलेल्या आहेत.

संत्र्याच्या तेलाची एक गंमत कोणालाही करून पाहता येईल. थर्माकोलच्या पेल्यात थोडे टाकले की काही वेळात पेल्याचा तळ विरघळून चिकट होतो, मग भोक पडते. त्यातला लिमोनिन पॉलिस्टायरीनला विरघळवतो. रबरी हातमोजे, रबरी कॅथेटर यांनाही तेले नरम करतात. निर्जंतुक कामाआधी मालिशीचे हात साबणाने स्वच्छ धुतल्याशिवाय हातमोजा चढवायचा नाही, हा नियम त्यामुळे आला. बर्गामॉटसारख्या काही लिंबूवर्गीय तेलांत फ्युरोकूमारिन असतात. ती लावून उन्हात बसले की कातडी भाजल्यासारखी लाल होते आणि काळे डाग महिनोन्‌महिने राहतात. हिवाळ्यात सकाळच्या कोवळ्या उन्हात आजोबांना खुर्ची टाकून बसवण्याआधी त्यांच्या हातापायाला काय चोळले होते, हे माहीत हवे.

बाटली निवडताना सर्वांत उपयोगाची गोष्ट म्हणजे लेबलावरचे वनस्पतीचे शास्त्रीय नाव. नुसते ‘लॅव्हेंडर’ पुरेसे नाही. लॅव्हेंड्युला अँगुस्टिफोलिया सौम्य. लॅव्हेंड्युला लॅटिफोलियामध्ये कापूर आणि सिनिओल भरपूर, म्हणजे झोपेसाठी आणलेले तेल नेमके उलट वागायचे. निलगिरीतही ग्लोब्युलस आणि सिट्रिओडोरा या दोन जातींची तेले निराळी. बाटली गडद काचेची, थेंब-थेंब पडणाऱ्या तोंडाची असावी. उघडल्याची तारीख तिच्यावर लिहावी, कारण हवा लागून लिनॅलूल आणि लिमोनिन यांचे जे पदार्थ बनतात तेच बहुतेक वेळा ॲलर्जीचे कारण ठरतात. जुने झालेले तेल ‘वाया जाईल’ म्हणून मालिशीला काढणे ही काटकसर महागात पडते. आणि डोळ्यांत घालायच्या थेंबांच्या ट्रेमध्ये ही बाटली चुकूनही ठेवू नये.

एवढी काळजी घेऊनही वासाची निवड चुकू शकते, कारण वास माणसाच्या आठवणींना चिकटलेला असतो. उदबत्तीचा वास एकाला देवघराचा आणि दुसऱ्याला दारात ठेवलेल्या तिरडीचा. मोगरा बहुतेकांना आवडतो, पण नवऱ्याला जाऊन महिना न झालेल्या बाईला तो नको असेल. केमोथेरपीच्या वेळी दिलेला सुगंध तर पुढे मळमळीचाच संकेत होऊन बसतो. उपचार संपल्यावर वर्षभराने बाजारात तो वास आला तरी पोट ढवळते. म्हणून रुग्णाचा लाडका वास केमोच्या खोलीत आणायचा नाही, तो घरासाठी राखून ठेवायचा. ‘हा वास घेऊन बघता का, आजी? नको वाटला तर सांगा, लगेच काढते,’ एवढे बोलायला अर्धे मिनिट लागते. बेशुद्ध किंवा बोलू न शकणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत नातेवाइकांना विचारायचे, आणि श्वास किंवा चेहरा बदलला तर थांबायचे.

अनुभवी सिस्टर वॉर्डात पाऊल टाकताच नाकाने काही ओळखते. श्वासाला पिकल्या फळासारखा वास म्हणजे मधुमेहातला कीटोॲसिडोसिस असेल. पट्टी सोडताना येणारा गोडसर, द्राक्षासारखा वास म्हणजे जखमेत स्यूडोमोनस. डांबरासारखे काळे शौच आणि त्याचा विशिष्ट वास म्हणजे बहुधा पचनमार्गाच्या वरच्या भागात रक्तस्राव. हे वास रुग्णाच्या कागदावर उमटण्याच्या कितीतरी आधी नाकाला कळतात. खोली सतत लॅव्हेंडरने भरलेली असेल तर नर्सचे हे साधन निकामी होते. फेरी, ड्रेसिंग आणि शौचाची तपासणी आधी. सुगंध नंतर, आणि तोही थोडा वेळ.

कर्करोगाच्या फुटलेल्या गाठीची दुर्गंधी हा वेदनाशमन वॉर्डातला सर्वांत नाजूक प्रसंग. माणूस जिवंत असताना घरचे जवळ बसायला कचरतात आणि त्याला ते कळते. इथे सुगंधी तेलाची फवारणी केली की दोन वास एकमेकांत मिसळून तिसराच, अधिक असह्य वास तयार होतो. ऑक्सिजनविना वाढणारे जंतू त्या दुर्गंधीच्या मुळाशी असतात. मेट्रोनिडाझोलची जेल किंवा गोळ्यांची वस्त्रगाळ पूड जखमेवर वापरली की बहुतेकदा काही दिवसांत फरक पडतो. आपल्याकडच्या वेदनाशमन सेवेत हा स्वस्त उपाय रुळलेला आहे. त्यावर कोळशाची पट्टी, वेळच्या वेळी बदललेले ड्रेसिंग, उघडी खिडकी. एवढे झाल्यावर, रुग्णाला हवे असेल तर, त्याच्या उशाच्या कडेला संत्र्याचा एक थेंब.

नोंद ठेवायची ती नर्सिंग नोट्समध्येच, वेगळ्या हौशी वहीत नव्हे. तेलाचे शास्त्रीय नाव, थेंब, मार्ग, वेळ, आधी आणि अर्ध्या तासाने रुग्णाने शून्य ते दहामध्ये दिलेले गुण, त्रास झाला असल्यास तो. हँडओव्हरमध्ये ते सांगितले गेले नाही तर रात्रपाळीचा ब्रदर हातावरचे पुरळ अँटिबायोटिकच्या नावावर टाकेल आणि गरज असलेले औषध उगाच बंद होईल. भारतात अरोमाथेरपी ही आयुष मंत्रालयाच्या मान्य पद्धतींत धरलेली नाही, त्यामुळे रुग्णालयाने स्वतःचे लेखी धोरण केलेले नसेल तर नर्सने एकटीच्या जबाबदारीवर हे सुरू करू नये. नातेवाइकाने पिशवीतून बाटली काढून ‘सिस्टर, हे आईला लावलं तर चालेल ना?’ असे विचारले तर बाटली हातात घेऊन लेबल वाचावे, डॉक्टरांना दाखवावी, आणि तोवर ती लॉकरमध्ये ठेवायला सांगावे.

कातडीवर आग होऊ लागली तर नुसते पाणी ओतून तेल निघत नाही. साबण आणि पाण्याने धुवावे लागते. डोळ्यात गेले तर वाहत्या स्वच्छ पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. कोणी तेल प्यायले असेल तर उलटी करवू नये, कारण वर येताना ते फुफ्फुसात उतरले तर दुखणे दुणावते. मिठाचे पाणी, दूध, तूप असले घरगुती उतारे नकोत. मूल हसत-खेळत दिसत असले तरी लगेच रुग्णालय गाठावे. दिल्लीच्या एम्समधले राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्र डॉक्टरांना आणि नागरिकांना दिवसरात्र सल्ला देते. निघताना बाटली लेबलासकट बरोबर घ्यावी. तिच्यात किती तेल होते, किती उरले आणि ते किती वाजता गेले, हे तातडीच्या विभागातल्या डॉक्टरांना सांगावे.